आधी तुकडी, मग मत

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनडीएत, १४८व्या तुकडीचं दीक्षान्त संचलन झालं. खेत्रपाल मैदानावर तीनशेहून अधिक मुलगे होते आणि सतरा मुली. एनडीएतून बाहेर पडणारी मुलींची ही पहिलीच तुकडी, त्यामुळे सगळे कॅमेरे त्या सतराजणींवर रोखलेले होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो, आईवडिलांचे ओले डोळे, केस कापले तेव्हा काय वाटलं, पहाटेची धाव कशी झेपली, असं सगळं आलं. ते यायलाच हवं होतं. पण त्या मैदानावरच्या मुलग्यांना कुणी काही विचारलं नाही. तीन वर्षं ज्यांच्याबरोबर चिखलात लोळलात, पोहलात, वर्गात पेंगलात, त्या मुलींना तुम्ही आता बरोबरीच्या मानता का? उद्या त्यांच्यातली एखादी तुमची वरिष्ठ झाली तर? सैन्यातल्या समानतेचं पुढे काय होणार हे ठरणार आहे ते बऱ्याच अंशी या उत्तरावर. कारण विशीतल्या या मुलाचं मत पंधरावीस वर्षांनी निव्वळ मत उरणार नाही, ते शेरा होईल, शिफारस होईल, हुकूम होईल.

‘बदलती मानसिकता’ हा विषय संपादकांनी दिला तेव्हा सगळ्यात आधी आठवलं ते आपलं एक लाडकं वाक्य: ‘कायदे करून काय होतं, आधी मानसिकता बदलली पाहिजे.’ सभांमधून, वाहिन्यांवरून, लग्नाच्या पंगतीतून हे वाक्य इतक्या सहजतेने येतं की त्यातला क्रम कुणी तपासून पाहत नाही. लष्करी अधिकारी घडवणाऱ्या संस्थांकडे नीट पाहिलं तर हा क्रम उलटा आहे असं माझं म्हणणं आहे. तिथे आधी व्यवस्था बदलते आणि मन मागून येतं. व्यवस्था अर्धवट बदलली तर मनही अर्धवटच बदलतं, आणि व्यवस्था मागे फिरली की मनही मागे फिरतं.

जवानांच्या नावावर खपवलेलं मत

१७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया प्रकरणात निकाल दिला आणि लष्कराच्या दहा शाखांतल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम नियुक्तीचा मार्ग मोकळा झाला. भूदलात वैद्यकीय आणि परिचारिका सेवांच्या बाहेर स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९९२ मध्ये, सुरुवातीला अवघ्या पाच वर्षांसाठी. ती मुदत वाढत वाढत चौदा वर्षांवर आली, पण तुकडीचं नेतृत्व त्यांच्याकडे येत नव्हतं. न्यायालयासमोर सरकारने जी कारणं मांडली त्यांत एक असं होतं की, लष्करातले जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात आणि प्रचलित सामाजिक धारणांमुळे स्त्रीचं नेतृत्व स्वीकारण्याची त्यांच्या मनाची घडण अजून झालेली नाही. न्यायालयाने याला साचेबद्ध समजुतीवर उभा असलेला युक्तिवाद म्हटलं. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख बिपिन रावत यांनीही एका मुलाखतीत गावाकडून आलेल्या जवानांचाच दाखला दिला होता, आणि कपडे बदलताना कुणी डोकावतं अशी तक्रार आली तर आडोसा करून द्यावा लागेल, अशीही भर घातली होती.

या युक्तिवादातला गावाकडचा जवान कोणत्या गावाचा आहे, हे एकदा विचारायला हवं. भूदलाने स्त्री अधिकाऱ्यांना दार उघडलं त्याच वर्षी, डिसेंबर १९९२ मध्ये, संसदेने ७३वी घटनादुरुस्ती मंजूर केली. पंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, महाराष्ट्रात तर २०११ पासून निम्म्या. आज साताऱ्याच्या किंवा बुलढाण्याच्या खेड्यातून विशीचा मुलगा भरतीला येतो, तेव्हा त्याच्या आठवणीत गावाला स्त्री सरपंच निदान एकदा तरी होऊन गेलेली असते. तिच्यामागे नवराच कारभार पाहत होता, असं कुणी म्हणेल. पुष्कळ ठिकाणी ते खरंही असतं. पण एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात केलेला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे ध्यानात घ्यावा. एकच भाषण काही गावकऱ्यांना पुरुषाच्या आणि काहींना स्त्रीच्या आवाजात ऐकवलं गेलं. जिथे सरपंचपद कधीच स्त्रीसाठी राखीव नव्हतं, तिथल्या पुरुषांनी स्त्रीच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे आरक्षणामुळे स्त्री सरपंच होऊन गेली होती, तिथे ही तफावत मिटली होती. यातली खरी खोच पुढे आहे. ‘नेता पुरुष असलेला आवडेल की स्त्री?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन्हीकडच्या गावांत पुरुषाकडेच झुकलेलं राहिलं. म्हणजे आवड तीच होती, पण पारख सुधारली होती. सैन्याला याहून अधिक कशाची गरज आहे? स्त्री कमांडर जवानाला मनापासून आवडावी ही कुठल्याही पलटणीची अट असू शकत नाही. पुरुष कमांडर तरी कुठे सगळ्यांना आवडतात?

जवानांचं मन तयार नाही असं म्हणणारा आवाज जवानांचा नव्हता, अधिकाऱ्यांचा होता, हेही विसरता येत नाही. स्वतःची अढी खालच्याच्या नावावर मांडणं ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. सासूला चालत नाही म्हणून सांगणारा नवरा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे.

माणूस मोडून घडवण्याचा कारखाना

या युक्तिवादातला मोठा विरोधाभास खडकवासल्याला गेलं की दिसतो. धरणाच्या पाण्यालगत पसरलेला तो परिसर, सुदानने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला घुमटाचा सुदान ब्लॉक, अठरा स्क्वॉड्रन आणि तीन वर्षांची सहा सत्रं. साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचा मुलगा इथे येतो तो घरच्या सगळ्या सवयी घेऊन. पहिल्या सत्रात त्याच्या प्रत्येक सवयीला हात घातला जातो. उठायचं कधी, जेवायचं कसं, कपाटात घडी कोणती वर ठेवायची, वरिष्ठासमोर नजर कुठे असावी, वर्गाकडे सायकलवरून जाताना रांग कशी धरायची, सगळं ठरलेलं. चुकलं की रगडा. ड्रिलच्या उस्तादाचा आवाज त्याच्या झोपेतही घुमू लागतो. आणि चूक एकट्यापुरती राहत नाही. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना मिळते, त्यामुळे शेजारच्या खोलीतला मुलगा कुठल्या जातीचा, कुठल्या प्रांताचा, याहून तो वेळेवर तयार झाला की नाही हे महत्त्वाचं ठरतं. जोश रन या स्क्वॉड्रनांमधल्या धावण्याच्या स्पर्धेत स्क्वॉड्रनचा निकाल सगळ्यांच्या धावेवर लागतो, म्हणून मागे पडणाऱ्याला ओढत नेलं जातं. हे प्रेमापोटी घडतं असं नाही, तसं केल्याशिवाय भागतच नाही.

पुढे हाच मुलगा अधिकारी होऊन एखाद्या शीख पलटणीत गेला, तर तो पंजाबी शिकतो, डोकं झाकून गुरुद्वारात बसतो, जवानांचे सण तेच त्याचे सण होतात. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या घरातून निघालेल्या मुलाला मद्रास रेजिमेंटमध्ये तमिळ बोलावं लागतं, आणि तो बोलतो. त्याची मानसिकता यासाठी तयार आहे का, हे त्याला कुणीही विचारलेलं नसतं. देव, भाषा आणि ताट या भारतीय माणसाच्या मनातल्या सगळ्यात चिवट गोष्टी. त्या ज्या संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या हुकमाने आणि सवयीने वाकवून दाखवल्या, त्याच संस्थेने स्त्रीच्या नेतृत्वाचा प्रश्न आला की समाजाच्या मनाकडे बोट दाखवावं, हे पटणारं नाही. मन घडवणं हा तर तिचा धंदाच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू देण्याचा अंतरिम आदेश दिला. तेव्हा सरकारने तयारीसाठी वेळ मागितला. वैद्यकीय निकष ठरायचे आहेत, शारीरिक प्रशिक्षणाची मापं ठरायची आहेत, निवासाची सोय व्हायची आहे, परीक्षा मे २०२२ पासून घेऊ, असं म्हणणं होतं. न्यायालय बधलं नाही. आणीबाणीला तोंड देणं हेच ज्यांचं काम, त्यांना ही अडचणही सोडवता येईल, असा त्याचा सूर होता. परीक्षा १४ नोव्हेंबर २०२१ लाच झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये एकोणीस मुली खडकवासल्यात दाखल झाल्या. निवासाची सोय झाली, निकष ठरले, प्रशिक्षण सुरू झालं. मनं तयार होण्याची वाट पाहिली असती तर आजही समितीच बसलेली असती.

नॉर्वेतल्या खोल्या

पण हे सगळं तर्कावर चाललं आहे, पुरावा काय, असा प्रश्न रास्त आहे. प्रशिक्षणार्थींच्या मतांचा सर्वांत नेटका पुरावा नॉर्वेतून येतो. गॉर्डन डाल, अँड्रियास कोत्सादाम आणि डॅन-ओलोफ रुथ या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या सैन्यात नव्याने आलेल्या मुलांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांच्या पायाभूत प्रशिक्षणात कोण कुठल्या तुकडीत जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं गेलं. काही तुकड्यांत सगळे मुलगे, काही तुकड्यांत सोबत मुलीही. तुकडी म्हणजे तिथे खोलीसुद्धा एकच. झोपणं, साफसफाई, सराव, सगळं एकत्र. कोणत्या मुलाला कोणती तुकडी मिळाली यात त्याच्या आवडीनिवडीचा संबंध नव्हता, त्यामुळे शेवटी मतांत जो फरक पडला तो सहवासामुळेच पडला, असं ठामपणे म्हणता येतं.

फरक भरपूर पडला. मिश्र तुकड्या निव्वळ पुरुषांच्या तुकड्यांइतकंच किंवा त्याहून चांगलं काम करतात, असं मानणाऱ्या मुलांचं प्रमाण १४ टक्के-बिंदूंनी वाढलं. घरकाम दोघांनी सारखं वाटून घ्यावं म्हणणारे ८ टक्के-बिंदूंनी वाढले. हा दुसरा आकडा मला पहिल्याहून बोलका वाटतो. संसाराबद्दल त्या आठ आठवड्यांत कुणी व्याख्यान दिलेलं नव्हतं. खोली झाडताना आणि बूट घासताना ते मत आपोआप सरकलं. मुली आल्या म्हणून मुलांचं समाधान घटलं किंवा सैन्यात राहण्याची इच्छा कमी झाली, असंही आढळलं नाही.

अभ्यासाचा उत्तरार्ध मात्र उत्साहावर पाणी ओतणारा आहे, आणि तो आपल्याकडे सांगितला जात नाही. सहा महिन्यांनी, तुकड्या फुटून मुलं वेगवेगळ्या ठिकाणी गेल्यावर, पुन्हा तेच प्रश्न विचारले गेले, तेव्हा हा परिणाम ओसरला होता. मतं जिथून निघाली होती तिथे परत गेली होती. मत एकदा बदललं की बदललं, ही आपली समजूत त्यामुळे सोडावी लागते. समानतेचं मत व्यायामासारखं आहे, थांबलं की सुटतं.

नुसतं सोबत असणं पुरत नाही

सहवासाने मन बदलतं हे खरं असेल, तर जिथे सहवास सर्वांत जुना आहे तिथे प्रश्न मिटलेला असायला हवा. अमेरिकेकडे पाहिलं तर तसं दिसत नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने तिथल्या लष्करी अकादम्या मुलींना खुल्या झाल्या. १९७६ मध्ये वेस्ट पॉइंटला ११९ मुली दाखल झाल्या, १९८० मध्ये त्यांतल्या ६२ अधिकारी होऊन बाहेर पडल्या. तिथल्या प्रमुखाने हा कायदा झाला म्हणून राजीनाम्याचा विचार केला होता. १९७९ च्या, फक्त पुरुषांच्या शेवटच्या तुकडीने आपण शेवटचे मर्द असल्याची मिरवणूक अचकट आद्याक्षरांतून केली. हे सगळं कालांतराने विरलं असतं असं वाटतं ना? २००३ मध्ये कोलोरॅडोतल्या वायुदल अकादमीत लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींचा स्फोट झाला. चौकशीत पुढे आलेल्या पाहणीनुसार पाचांतल्या किमान एका पुरुष कॅडेटला मुलींनी तिथे असूच नये असं वाटत होतं. मुली येऊन सत्तावीस वर्षं झाली होती. संचलनाच्या उतारावर फक्त पुरुषांना साद घालणारी मोठी अक्षरं त्या वर्षापर्यंत तशीच होती. ती तेव्हा कुठे उतरवली गेली.

नॉर्वेत आठ आठवड्यांत जे झालं ते कोलोरॅडोत सत्तावीस वर्षांत का झालं नाही? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच याचं उत्तर दिलं होतं. दोन गट एकत्र आले की पूर्वग्रह आपसूक कमी होतो असं नाही. दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, एकमेकांवाचून काम अडलं पाहिजे, आणि वरच्यांचा या एकत्र येण्याला उघड पाठिंबा हवा. नॉर्वेतल्या खोलीत हे चारही होतं. कोलोरॅडोत वरच्यांचा पाठिंबा डळमळीत होता, आणि तक्रार करणाऱ्या मुलीलाच नियमभंगाची शिक्षा होण्याची भीती असल्यावर सारख्या दर्जाला काय अर्थ उरतो?

खडकवासल्याला हे माप लावलं तर चित्र संमिश्र दिसतं. ध्येय एक आहे, काम बव्हंशी एकत्र आहे. निवास वेगळा आहे, आणि एनडीएत मैत्री घडते ती रात्री खोल्यांच्या ओळीत, वरिष्ठांनी पिटाळल्यावर, सामाईक दुःखात. त्यात मुली नसतात. भारतीय पालकांच्या दृष्टीने याला पर्याय नाही हे मान्य, पण किंमत मोजावी लागते हेही मान्य करावं. खरी अडचण संख्येची आहे. पहिल्या वर्षी एनडीएच्या ३७० जागांपैकी मुलींसाठी ठेवल्या गेल्या १९, म्हणजे शंभरात पाच. रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अभ्यासातून दाखवलं होतं की, एखादा गट पंधरा टक्क्यांच्या आत असला की त्यातली व्यक्ती व्यक्ती राहत नाही, नमुना होते. एक मुलगी धावताना मागे पडली तर ‘मुली मागे पडतात’, आणि एक पुढे गेली तर ‘ही काही सर्वसाधारण मुलगी नाही’. दोन्हीकडून निष्कर्ष तोच. गुणवत्तेवर मुली अधिक आल्या तर त्यांना जागा अधिक का नकोत, याचं समाधानकारक उत्तर नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्कराच्या विधी शाखेतली पुरुषांना झुकतं माप देणारी जागावाटणी रद्द केली ती याच तत्त्वावर.

‘पण धाव तर हळू आहे ना?’

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. मुलींसाठी धावेची आणि इतर शारीरिक कसोट्यांची मापं वेगळी आहेत, मग बरोबरी कसली, असं प्रशिक्षणार्थी मुलगा म्हणतो, आणि त्याच्या तोंडी तो आक्षेप प्रामाणिक असतो. पहाटे पाचला त्याच चिखलात धावणाऱ्याला घड्याळ दिसतंच. याला ‘तू पुरुषप्रधान आहेस’ असं उत्तर देणं म्हणजे त्याला गमावणं. उत्तर असं आहे की, सैन्याची नियमित शारीरिक चाचणी पुरुषांसाठीही वयोगटानुसार वेगळी असते. पंचेचाळिशीतल्या कर्नलला पंचविशीतल्या लेफ्टनंटच्या वेळेत धावावं लागत नाही, आणि म्हणून कर्नलचा हुकूम कुणी कमी मानत नाही. तंदुरुस्तीची चाचणी शरीर जागेवर आहे का हे पाहते. विशिष्ट कामाची कसोटी ही वेगळी गोष्ट, आणि ती मात्र सगळ्यांना एकच हवी. तोफेचा गोळा उचलायचा असेल तर त्याचं वजन उचलणारा कोण हे पाहून बदलत नाही. २०२३ मध्ये तोफखान्यात स्त्री अधिकारी गेल्या त्या हे जाणूनच. या दोन चाचण्यांतला फरक मुलग्यांना पहिल्याच सत्रात समजावून सांगितला तर निम्मी कुरबुर थांबेल.

सैन्य ही समाजसुधारणेची प्रयोगशाळा नव्हे, हा दुसरा आक्षेप. त्यातलं तत्त्व मला मान्य आहे. युद्धक्षमता पहिली. पण चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत मुली १९९२ पासून मुलग्यांच्या शेजारी शिकताहेत आणि २०१० मध्ये तिथली मानाची तलवार दिव्या अजित कुमार यांनी मिळवली. २०१६ मध्ये पुण्यात झालेल्या बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व सोफिया कुरेशी यांनी केलं. तीसहून अधिक वर्षं चाललेल्या गोष्टीला प्रयोग म्हणत राहणं हा तिला कायम उमेदवारीवर ठेवण्याचा प्रकार आहे.

मत कागदावर उतरतं तेव्हा

प्रशिक्षणार्थीचं मत शेवटी कुठे जातं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २५ मार्च २०२१ च्या नितीशा निकालात दिसतं. बबिता पुनिया निकालानंतर स्त्री अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती देण्यासाठी मंडळ बसलं आणि पुष्कळजणी नाकारल्या गेल्या. कारणं वरवर निर्दोष होती. पुरुष अधिकाऱ्यांची वैद्यकीय पात्रता नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी पाहिली जाते. तोच निकष या स्त्रियांना चाळिशी-पन्नाशीत लावला गेला. गोपनीय अहवाल पाचव्या किंवा दहाव्या वर्षापर्यंतचेच धरले गेले आणि नंतरची कामगिरी बाजूला राहिली. शिवाय ते जुने अहवाल लिहिले गेले तेव्हा, या बाईला पुढे कायम नियुक्ती नाहीच, मग कशाला बारकाईने लिहा, अशी परिस्थिती होती. न्यायालयाने याला व्यवस्थेतच मुरलेला भेदभाव म्हटलं. यातल्या कुठल्याही अहवाल-लेखकाने बहुधा द्वेषाने काही लिहिलं नसेल. प्रशिक्षणात कधी न तपासलं गेलेलं मत वीस वर्षांनी गुणांच्या रकान्यात जाऊन बसलं, इतकंच.

म्हणून एनडीएतली तीन वर्षं बरी गेली एवढ्यावर थांबता येत नाही. या तुकडीतल्या भूदलाच्या मुली आणि मुलगे २०२५ मध्ये पुढच्या प्रशिक्षणासाठी डेहराडूनच्या लष्करी अकादमीत गेले. त्यानंतर शाखा वाटल्या जातात आणि वाटा फुटतात, कारण पायदळ आणि रणगाडा दल स्त्री अधिकाऱ्यांना अजून बंद आहे. पायदळ ही सगळ्यात मोठी शाखा. तिथे जाणाऱ्या मुलग्याच्या आयुष्यातून बरोबरीची सहकारी अधिकारी जवळजवळ नाहीशी होते, आणि नॉर्वेत सहा महिन्यांत जे झालं ते इथे व्हायला फार काळ लागू नये. पायदळ कधी खुलं करायचं हा लढाईच्या गरजेचा प्रश्न आहे आणि तो सेनापतींनी कामाच्या कसोटीवर सोडवावा. पण त्याची वाट न पाहता करता येण्यासारखं एक काम आहे. एनडीएत मुलग्यांची पारख करणारा, त्यांच्याबद्दल शेरे लिहिणारा, त्यांना रेलिगेट करण्याची, म्हणजे मागच्या सत्रात ढकलण्याची, शिफारस करणारा माणूस म्हणजे डिव्हिजनल ऑफिसर. अठरा वर्षांच्या मुलासाठी सैन्याचा चेहरा तोच असतो. या पदावर, मुलग्यांच्या डिव्हिजनवर, स्त्री अधिकारी नेहमीची गोष्ट म्हणून नेमल्या, तर ऑलपोर्टची चौथी अट पहिल्याच सत्रात पुरी होते. याला न्यायालयाचा निकाल लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही, वेगळं वसतिगृहसुद्धा लागत नाही. एक पोस्टिंग ऑर्डर लागते.